मांडव घालण्याआधी पाण्याचा विचार

प्रयागचा कुंभमेळा थंडीत भरतो, नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ पावसाळ्यात. २०१५ मध्ये नाशिकची शाही स्नाने २९ ऑगस्ट, १३ आणि १८ सप्टेंबरला झाली. २०२७ च्या पर्वण्याही पावसाळ्यातच आहेत. साधुग्राममधील निवासमंडप, अन्नछत्रे आणि तात्पुरते दवाखाने ओल्या जमिनीवरच उभे राहणार. म्हणून इथे मांडव हा आरोग्याचाही विषय ठरतो.

ताडपत्रीच्या झोळात पाणी साचून राहिले, तर साधारण आठ-दहा दिवसांत त्यात डेंग्यू पसरवणारे डास तयार होतात. पायाला जखम असताना दूषित चिखलात अनवाणी चालल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. चारही बाजूंनी बंद केलेल्या मंडपात फ्लू झपाट्याने पसरतो. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या साध्या वॉर्डातही दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा खेळावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते.

यातले बरेचसे धोके मांडवाच्या आखणीतच कमी करता येतात. छताचा उतार, जमिनीपासूनची उंची आणि वाऱ्याची वाट संगणकावर आधी तपासता येते. मग संगणकाच्या आज्ञेवर चालणारे सीएनसी यंत्र जलरोधक प्लायवूडचे किंवा धातूचे सांधे अचूक कापते. बांबू एकसारख्या जाडीचे नसतात, पण प्रत्येकाच्या मापाचा वेगळा सांधा कापणे या यंत्राला जड जात नाही. खिळ्यांऐवजी खाचा आणि बोल्ट वापरले, तर मेळा संपल्यावर भाग सुटे करून दुसरीकडे जोडता येतात. कचराही कमी होतो.

महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून अशी यंत्रे असलेली फॅब लॅब आहे. नाशिकचेच, ‘एमआयटी’तील शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने गेल्या सिंहस्थापूर्वी ‘कुंभथॉन’ झाले. तात्पुरता निवारा, गर्दीची मोजणी आणि साथीच्या रोगांची नोंद यांवर तरुणांनी तिथे काम केले.

अर्थात, उत्तम मांडव स्वच्छ पाणी आणि शौचालयांची जागा घेऊ शकत नाही. पण एक साधी कसोटी सिंहस्थालाच नव्हे, गल्लीतल्या गणेशमंडपालाही लागू पडते. पाऊस थांबल्यावर तासाभराने छतावर, पायाखाली किंवा कडेच्या चरात पाणी दिसले, तर ते दुरुस्त केल्याशिवाय तिथे माणसे उतरवू नयेत.