पहिल्या स्तरावरील ब्लॉकचेन
पहिल्या स्तरावरील ब्लॉकचेन म्हणजे दुसऱ्या साखळीचा आधार न घेता व्यवहारांची नोंद व पडताळणी करणारे संगणकांचे जाळे होय. बिटकॉइन, इथेरियम व सोलाना ही त्याची उदाहरणे आहेत.

वेग व विकेंद्रीकरण
नवा ब्लॉक बिटकॉइनमध्ये सरासरी १० मिनिटांनी, इथेरियममध्ये १२ सेकंदांनी, तर सोलानामध्ये सुमारे ०.४ सेकंदाने तयार होतो. वेग वाढला की पडताळणीसाठी महागडे संगणक लागतात आणि सामान्यांचा सहभाग घटतो. बिटकॉइनची संपूर्ण नोंदवही मात्र घरगुती संगणकावरही तपासता येते. सप्टेंबर २०२१ मध्ये सोलानाचे जाळे सुमारे १७ तास बंद पडले होते.

महाराष्ट्रातील उपयोग
गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांची नोंद इथेरियमशी जोडलेल्या पॉलिगॉन साखळीवर करण्यात आली. बनावट दाखल्यांमुळे खऱ्या आदिवासी विद्यार्थ्याची जागा जाते. म्हणून अशा कामात वेगापेक्षा नोंद कोणा एकाला बदलता न येणे अधिक महत्त्वाचे ठरते.