चकमकीच्या बंदुका

मंडळी, तुमच्यापैकी काहींच्या आजोबांच्या चंचीत चकमक असेल. पोलादाचा तुकडा, एक गार आणि थोडा कापूस. गारेने ठिणगी पाडायची आणि चिलीम पेटवायची. लढाईतल्या जुन्या बंदुकीची युक्तीही हीच होती बरे का! चाप ओढला की घोड्याच्या जबड्यात धरलेली गार पोलादी पट्टीवर आपटे, ठिणगी खालच्या वाटीतल्या रंजकेवर पडे, आणि बारीक कानातून आग नळीतल्या दारूला लागे. त्याआधीच्या बंदुकीला पेटता तोडा लागे. पावसात तो विझे, रात्री शत्रूला दिसे.

आपल्या मुलखात या बंदुकांचा मोठा भडिमार झाला तो 23 सप्टेंबर 1803 रोजी, असईला. हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. शिंद्यांची कवायती पायदळे पोलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हाताखाली लढली, समोर वेलस्ली होता. दोन्हीकडे चकमकीच्याच बंदुका. तेव्हा त्या बाजूच्या शिवारात नांगराला शिशाची गोळी लागली, तर नवल नाही.

असल्या वस्तू जमवण्याचा छंद अमेरिकेत फार. तिथली एक सवय आपण घेण्यासारखी आहे. हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात 1805 च्या नमुन्याची लष्करी पिस्तुले झाली, ती जोडीने. दोघांवर क्रमांक एकच. संग्राहक आधी क्रमांक पाहतो आणि जोडीदाराचा शोध घेतो. पुढे तांब्याच्या टोपीची युक्ती निघाली, तेव्हा कित्येक पिस्तुलांची चकमक काढून टोपीची कळ बसवली गेली. आता काही लबाड पुन्हा नवी चकमक बसवून जास्त दाम घेतात. म्हणून जाणता माणूस गंज, खिळे, ठसे बारकाईने पाहतो. जुना गंज हा त्याचा साक्षीदार.

आणि आपण? एका विद्यार्थ्याने माझ्याकडे बंदुकीची कळ आणली. विटेच्या भुकटीने घासून लखलखीत केलेली! ठसा पुसला गेलेला. कोठे सापडली, तर ‘मामाकडे होती.’ मामा वारलेले. वस्तू हातात होती, पण तिची हकीकत गेली. मला फार चुटपुट लागली.

गुरुजी, तुमच्याकडे मुले असे काही आणतील. घासू देऊ नका. गावाचे व शेताचे नाव, किती खोल सापडली, तारीख, हे त्याच दिवशी वहीत लिहा. भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. आणि नळी साबूत असेल, तर ती भरलेली आहे असेच समजा. ठासलेली दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. तोंडाशी डोळा लावू नये, विस्तवाजवळ नेऊ नये, पोलीस पाटलांना कळवावे.

कायद्याचेही दोन शब्द. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या बंदुकीला 1959 च्या शस्त्र कायद्यातून सूट आहे. पण ती खरेच चालणार नाही का, हे आपण ठरवू नये. जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरांना कळवावे लागते. शंभर वर्षांवरची पुराणवस्तू परदेशी धाडणे खासगी माणसाला 1972 च्या कायद्याने मना आहे.

मुलांना जुनी शस्त्रे दाखवायची असतील, तर छत्रपती संभाजीनगरला छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात घेऊन या. येताना वही बरोबर असू द्या.