क्षीण हांकेचें श्रवण

गोंगाटांत बुडालेला बिनतारी संदेश वाचण्यास शक्तीपेक्षां शिस्त अधिक उपयोगी पडते. नव्या प्रकारच्या स्पंदक ताऱ्याच्या शोधाबद्दल १९९३ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेले अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांनीं २००१ पासून ही विद्या हौशी मंडळींच्या हातीं दिली. सहकाऱ्यासह त्यांनीं २०१७ सालीं काढलेल्या ‘एफ-टी-आठ’ पद्धतींत दोन्ही केंद्रें घड्याळें जुळवून पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीनें बोलतात. मजकूर मोजका व ठराविक: हांक-नांव, ठिकाण, संकेताची तीव्रता. जोडीला चुका सुधारणारे जादा अंक असतात. म्हणूनच कानाला नुसती खरखर ऐकूं येते तेथें संगणक अक्षरें वाचतो. येथें गप्पागोष्टी नाहींत, हें उणें खरेंच. परंतु गच्चीवरील साध्या तारेनें व पांच-दहा वॉट विजेवर समुद्रापलीकडून उत्तर येतें, तेव्हां दुबळ्याची हांकही कोणी ऐकतो, हा आनंद थोडा नव्हे.