एकाच काजूबागेत एकालाच ताप का?

काजूचा हंगाम आला की बांदा परिसरात एक धास्ती जागी होते. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावाकडे माकडतापाची साथ आली आणि २०१७च्या हंगामात ती बांद्याच्या आसपास पोचली. बागेत काजू गोळा करणारी माणसे तापाने अंथरुणाला खिळली, काही दगावलीही. अशा वेळी हमखास प्रश्न पडतो : एकाच पातेऱ्यातून दोघे फिरले, एकाला ताप आला, दुसऱ्याला काहीच झाले नाही. असे का? कुणी नशीब म्हणते, कुणी अंगातली ताकद. गोचीड कुणाला चावली, हा उत्तराचा पहिला भाग. दुसरा भाग आपल्या पेशींच्या आत आहे.

श्रोतेहो, हा विषाणू १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. तो ओळखला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. योगायोग असा की, त्याच वर्षी लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडनमन यांना 'इंटरफेरॉन' सापडले. विषाणू शिरलेली पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना हाकारा देते.

हा हाकारा ऐकून पेशीतली अनेक जनुके जागी होतात. त्यांतले एक 'ओएएस-१'. आपल्या बाराव्या गुणसूत्रावर ते असते आणि त्याच नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करते. हे विकर राखणदारासारखे दबा धरून बसते. माकडतापाच्या विषाणूचा मजकूर आरएनएचा असतो. त्याची नक्कल होताना दुहेरी धागा तयार होतो. तो धागा हाताला लागला की ओएएस-१ कामाला लागते. पेशीतल्या एटीपी या इंधनातून ते छोट्या साखळ्या गुंफते. अक्षर नेहमीचेच, पण टाका वेगळा. कारण या साखळीतले सांधे पेशीतल्या इतर आरएनएसारखे नसतात. तो वेगळा टाका हाच इशारा. तो मिळताच 'आरएनएज-एल' नावाची कात्री चालू होते आणि आरएनए कापत सुटते.

ही कात्री विषाणूचा आरएनए कापते, तशी पेशीचा स्वतःचाही कापते. पेशीचे कामकाज थंडावते, प्रसंगी पेशी मरते. वणवा पुढे जाऊ नये म्हणून आपल्याच बागेचा पट्टा जाळावा, तसा हा प्रकार.

हा राखणदार सगळ्यांकडे सारखा नसतो. माकडताप, डेंगी, जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल यांचे विषाणू एकाच कुळातले. प्रयोगशाळेतले नेहमीचे उंदीर या कुळापुढे टिकत नाहीत, रानातले काही उंदीर मात्र तगतात. २००२ साली कारण कळले. उंदरांतल्या अशाच एका जनुकात एक अक्षर बदललेले होते. त्यामुळे वाक्य मध्येच तुटले आणि विकर अपुरे राहिले.

माणसांतही भेद आहे. काहींच्या ओएएस-१ला स्निग्ध शेपटी असते. तिच्या आधाराने ते पेशीतल्या पडद्यांना चिकटते आणि तिथे दडून नकला काढणारे विषाणू गाठते. कोरोनाच्या साथीत याचे महत्त्व दिसले. ह्युगो झेबर्ग आणि स्वान्ते पेबो यांनी २०२१ साली दाखवले की, निएंडरथल मानवाकडून आलेला या भागातला वारसा ज्यांच्याकडे आहे, त्यांना कोरोना गंभीर होण्याचा धोका सुमारे २२ टक्के कमी होता. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मानवाची ही ठेव आज कुणाच्या तरी श्वासाला उपयोगी पडली.

म्हणून ताप आलेल्याला 'तुझ्यातच दम नाही' म्हणू नये, आणि न आलेल्यानेही छाती फुगवू नये. शरीरात असे राखणदार अनेक. ओएएस-१ त्यांतला एक. शिवाय कुणाचा राखणदार किती जागा आहे, हे बागेत उतरताना कुणालाच ठाऊक नसते. माकडतापावर खास औषध नाही. माणसाकडून माणसाला तो होत नाही, गोचिडीमुळे होतो. तेव्हा अंगभर कपडे, उघड्या अंगाला गोचिडांना दूर ठेवणारे तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, मेलेले माकड दिसले की हात न लावता आरोग्य केंद्राला खबर आणि ताप येताच रक्ततपासणी, एवढे तरी करावे. आतला राखणदार त्याच्या परीने लढेल. गोचीड बाहेरच अडवणे मात्र आपल्या हातात आहे.