पत्र्याखाली दिवसा झोपणाऱ्याला पंख्याचा वारा गरम का लागतो?

माण (ता. मुळशी) : हिंजवडी-माणच्या आयटी पार्कात रात्रभर कॅब चालवणारे, गेटवर पहारा देणारे, साफसफाई करणारे हजारो हात सकाळी खोलीवर परततात. यातल्या अनेकांची खोली म्हणजे दहा बाय दहाच्या भिंती आणि वर पत्रा. गाव जागं असतं तेव्हा त्यांची झोपायची वेळ होते आणि नेमका तेव्हाच पत्रा तापायला लागतो. एप्रिल-मे महिन्यात पारा ३८-४० अंशांवर गेला की दुपारी एकनंतर पंखा पाचवर असला तरी अंगाखालची चादर भिजते. मग माणूस पंख्यालाच शिव्या घालतो. पंख्याचा दोष थोडाच आहे.

उष्णता नेहमी जास्त तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. जाण्याच्या वाटा तीन. शाळेत वहन, अभिसरण आणि प्रारण अशी त्यांची नावं पाठ करून घेतलेली असतात. पत्र्याच्या खोलीत या तिन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात.

आधी पत्रा तापतो किती ते पाहू. भर दुपारी स्वच्छ ऊन असलं की एक चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट ऊर्जा पडते. दहा बाय दहा फुटांच्या छताचं क्षेत्रफळ सव्वानऊ चौरस मीटर, म्हणजे छतावर नऊ किलोवॅट. बाथरूममधला गीझर दोन किलोवॅटचा धरला, तर चार-साडेचार गीझर झाले. पत्र्याने यातली निम्मीच उष्णता शोषली तरी दोन गीझर डोक्यावर चालू आहेत असं समजा. काही उष्णता वाऱ्यावर जाते, काही आकाशाकडे परत जाते. तरीही पत्रा हात लावता येणार नाही इतका भाजतो.

पत्र्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यात धातू. लाकडाच्या तुलनेत पोलाद शेकडो पटींनी वेगाने उष्णता पुढे सरकवतं. डिसेंबरच्या पहाटे खाटेची लोखंडी पट्टी लाकडी फळीपेक्षा गार लागते, त्याचंही कारण हेच. दोन्हींचं तापमान सारखंच असतं, पण लोखंड हाताची ऊब झपाट्याने ओढून घेतं. पत्र्याच्या वरच्या बाजूला पडलेलं ऊन म्हणूनच काही क्षणांत खालच्या बाजूला पोचतं. ही झाली वहनाची वाट.

पत्र्याला लागून असलेली हवा तापते, पण ती खाली येत नाही. गरम हवा हलकी असल्याने छतालाच चिकटून राहते. मग झोपलेल्याच्या अंगापर्यंत पोचतं ते काय? पत्र्यातून थेट खाली येणारे, डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, म्हणजे प्रारण. खात्री करायची तर दुपारी पत्र्याखाली उभं राहून डोक्यावर एक पुठ्ठा आडवा धरा. हवा तीच असते, तरी टाळूवरची धग लगेच कमी होते.

आता पंखा. छताचा पंखा वर साठलेली गरम हवा ओढून खाली फेकतो. आपली कातडी साधारण ३४-३५ अंशांची असते. वारा त्याहून गरम असला तर तो अंग गार करत नाही, उलट तापवतो. अंग गार होतं ते फक्त घाम वाळल्यामुळे. त्यामुळे टेबल फॅन जमिनीजवळ ठेवून ओल्या पंचाने अंग पुसत राहिलेलं बरं, आणि पाणी भरपूर प्यायचं.

खरा इलाज मात्र पत्र्याच्या वर करायचा आहे. पांढऱ्या चुन्याचा हात मारला की पडलेल्या उन्हाचा बराचसा भाग तिथूनच माघारी जातो. नवा चकचकीत पत्रा आहे, त्याला चुना कशाला, असं घरमालक म्हणतात. पण चकचकीत धातू आत शिरलेली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकायला फार आळशी असतो, म्हणून तोही तापतो. चुना ऊन परतवतो आणि उरलेली उष्णता सहज बाहेरही सोडतो. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा आणला. पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छतं पांढरी करण्याचं कामही हाती घेतलं गेलं.

भाडेकरूला छतावर चढायची परवानगी नसेल तर आतून, पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून जुनी सुती साडी ताणून बांधता येते. साडीही तापते, पण पत्र्याइतकी नाही. गॅस-शेगडीच्या वर मात्र ती नको. जुन्या कौलारू घरातला माळा हेच काम करायचा.

दिवसा झोपलेला माणूस हाक मारल्यावर बरळत असेल, अंग चटका बसावा इतकं तापलं असेल, तर तो दमलाय म्हणून सोडून देऊ नका. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

चुना लावायचा तर सकाळी लवकर, पत्रा गार असताना. सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो, त्यामुळे त्यावर आडवी फळी टाकूनच जायचं. चुन्यात थोडा फेविकॉल घातला की तो लवकर सुटत नाही. तरी मुळशीचा पाऊस त्याला धुऊन नेतोच, म्हणून दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा हात द्यावा लागतो.