विद्यापीठांतील संख्याशास्त्राधारित रोजगाराच्या संधी : स्वरूप आणि तयारी

प्रस्तावना :
संख्याशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यास सामान्यतः बँक-विमा क्षेत्र किंवा महाविद्यालयीन अध्यापन हे दोनच मार्ग दिसतात. विद्यापीठ स्वतःच फार मोठ्या प्रमाणावर माहिती निर्माण करते व वापरते, ही बाब मात्र दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात विद्यापीठीय व्यवस्थेतील अशा संधींचा तीन अंगांनी विचार केला आहे.

१) अध्यापन :
सहायक प्राध्यापकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या विनियमांत पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुणांची अट घातली. २०२३ मध्ये नेट किंवा सेट ही किमान अर्हता निश्चित करून पीएच.डी. ऐच्छिक ठरविण्यात आली. येथे अनेक विद्यार्थ्यांची गफलत होते. नेटमध्ये संख्याशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नाही. हा विषय सी.एस.आय.आर.च्या 'गणितीय विज्ञान' प्रश्नपत्रिकेत समाविष्ट आहे. तिच्या अभ्यासक्रमाचे चार घटक असून चौथा संख्याशास्त्राचा आहे. पहिल्या घटकातील विश्लेषण व रेषीय बीजगणित मात्र सर्वांनाच अपेक्षित आहे. म्हणून गणिताचा पाया पदवीस्तरावरच पक्का करणे अगत्याचे ठरते.

२) संशोधन प्रकल्प :
समाजशास्त्र, अर्थशास्त्र, कृषी, वैद्यक या शाखांतील प्रकल्पांना नमुना निवड, प्रश्नावली व विश्लेषण यांसाठी साहाय्यक लागतात. मुंबई येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना १९५६) हे अभिमत विद्यापीठ असून १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम तिच्याकडे राहिले आहे. अशा कामाचा अनुभव मोलाचा असतो; तथापि प्रकल्पातील पदे बहुधा मुदतीची असतात. अर्ज करण्यापूर्वी कालावधी व मानधन तपासून पाहावे.

३) प्रशासन व गुणवत्ता कक्ष :
नॅकचे मूल्यांकन, २०१०-११ पासूनचे अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण आणि २०१५ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी चौकट यांमुळे आकडेवारीचे काम वाढले आहे. हे काम केवळ तक्ते भरण्याचे नाही. उदाहरणार्थ, क्रमवारीसाठी नोकरी लागलेल्या पदवीधरांचे मध्यक वेतन मागितले जाते. दहापैकी नऊ विद्यार्थ्यांना दरमहा २० हजार आणि एकास २ लाख रुपये मिळत असतील, तर सरासरी ३८ हजार येते, परंतु मध्यक २० हजारच राहतो. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला वस्तुस्थिती दुसराच आकडा सांगतो. हा भेद जाणणारी व्यक्ती कक्षात असणे संस्थेच्या विश्वासार्हतेसाठी आवश्यक आहे. प्रत्यक्षात मात्र हा भार अनेक ठिकाणी अध्यापकांवरच पडतो. संख्याशास्त्रज्ञाचे स्वतंत्र पद क्वचितच आढळते.

आवश्यक तयारी :
एक्सेल व एस.पी.एस.एस. यांबरोबरच 'आर' आणि 'पायथन' यांचा सराव करावा. ही दोन्ही साधने विनामूल्य असल्याने ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसही ती शिकता येतात. स्थानिक विषयावरील एखादे छोटे सर्वेक्षण स्वतः पूर्ण करून त्याचा अहवाल जवळ ठेवावा. निष्कर्ष सोप्या मराठीत मांडता येणे, हेही एक कौशल्यच आहे.

समारोप :
सारांश, विद्यापीठात संख्याशास्त्राचे काम विपुल आहे, परंतु त्या मानाने कायम पदे मर्यादित आहेत. विद्यार्थ्याने हे वास्तव ओळखून नेट-सेटची तयारी आणि प्रत्यक्ष विश्लेषणाचा अनुभव यांची सांगड घालावी. विद्यापीठांनीही गुणवत्ता कक्षात प्रशिक्षित संख्याशास्त्रज्ञाचे पद निर्माण करावे. कारण ज्या आकड्यांवर संस्थेचे मूल्यमापन होते, ते आकडे जाणकाराच्या हाती असणे हितावह आहे.