कोळसा जळतो तेव्हा

पौषातली थंडी. घुग्घुस, बल्लारपूर, माजरी या खाणींच्या भागात अजून कित्येक घरांत कोळशाची सिगडी पेटते. सायंकाळी ती अंगणात ठेवतात. धूर निघून जातो, निखारे लाल होतात. मग "धूर गेला, आता भीती नाही" असे म्हणून सिगडी घरात घेतात आणि दार लावून निजतात.

खरी भीती तेव्हाच असते.

माझ्या लहानपणची गोष्ट. आई धाकट्या भावाला कुशीत घेऊन आतल्या खोलीत निजली होती. उशाशी सिगडी होती. पहाटे वडिलांनी हाक मारली, तर आतून ओ नाही. त्यांनी दार ढकलले, दोघांना उचलून ओट्यावर आणले. बऱ्याच वेळाने आई शुद्धीवर आली. तिचे डोके ठणकत होते, ओकाऱ्या होत होत्या. भाऊ उठलाच नाही. गाव म्हणाले, बाहेरची बाधा झाली. मलाही ते खरे वाटले. पुढे शिकलो तेव्हा कळले, बाधा सिगडीची होती.

ती कशी, ते पाहा. पाच घागरी हवा घेतली तर तिच्यात सुमारे एक घागर प्राणवायू असतो. कोळशात मुख्य भाग कार्बनचा. जळताना कार्बनचा एक कण प्राणवायूच्या दोन कणांशी जोडला जातो. त्याचा कार्बन डायऑक्साईड वायू होतो. आपल्या उच्छ्वासातही तोच असतो. पण खोली बंद असली की प्राणवायू अपुरा पडतो. मग कार्बनच्या कणाला दोनाऐवजी एकच जोडीदार मिळतो. हा अर्धवट वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातला तांबडा भाग प्राणवायू वाहून नेतो. त्या तांबड्या भागाला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. एस.टी.त आधीच कोणी जागा धरून बसावे, तसे होते. प्राणवायूला जागाच उरत नाही. माणसाला गुंगी येते. त्याला वाटते, झोप येत आहे.

गडचिरोलीकडे जंगलातले लाकूड जळते. त्याच्या निखाऱ्यातूनही हाच वायू निघतो. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून तो माणसाला बाहेर तरी काढतो. निखारा तसे करीत नाही.

चंद्रपूरजवळ दुर्गापूरला मोठे वीज केंद्र आहे. तेथे भट्टीत हवा भरपूर सोडतात, म्हणून कोळसा नीट जळतो. तेथली काळजी वेगळी. आपल्या देशी कोळशात माती फार. शंभर किलो कोळसा जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. लाकडाची राख एवढी कुठे असते! धुराड्यातून जाणारी बरीचशी राख यंत्राने पकडतात. काही राख विटांना आणि सिमेंटला जाते, काही पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. चैत्र-वैशाखात तळे सुकले की ती वाऱ्यावर उडते. पिकाच्या पानावर तिचा थर बसला की पानाला ऊन मिळत नाही, आणि उन्हावाचून पान अन्न करू शकत नाही. राखेत सोमलासारखी विषेही अगदी थोड्या अंशाने असतात. राखेचे पाणी नदीत झिरपले तर ती पाण्यात उतरू शकतात, आणि गाळाखाली माशांची अंडी गुदमरतात. चंद्रपूर शहर इरई नदीचे पाणी पिते, हे येथे ध्यानात घ्यावे. कोळशात थोडे गंधकही असते. त्याचा वायू घशाला खवखवतो, आणि ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल होते.

2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले 88 औद्योगिक भाग तपासले. प्रदूषणात चंद्रपूरचा क्रमांक चौथा आला. असला मान कोणाला हवा!

वीज केंद्राची राख एकट्याच्या हातात नाही. सिगडी मात्र आपल्या हातात आहे. कोणी म्हणते, शेजारी पाण्याचे भांडे ठेवले की झाले. बरं का, पाणी हा वायू शोषून घेत नाही. निजण्याआधी सिगडी बाहेर ठेवावी. सिगडीच्या खोलीत सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले, तर ताबडतोब बाहेर पडावे. कोणी बेशुद्ध दिसला तर आधी दारे-खिडक्या उघडाव्या, आत फार वेळ थांबू नये. त्याला मोकळ्यावर आणून 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. दवाखान्यात सिगडीची गोष्ट पहिल्यांदा सांगावी, म्हणजे डॉक्टर त्याला लगेच प्राणवायू लावतात.